घर बँकेचे, संसार कुणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



कर्ज थकल्यामुळे घराच्या दारावर ताब्याची नोटीस चिकटवली जाते, तेव्हा दोन प्रकारची माणसे आढळतात. पहिल्या प्रकारचा माणूस भीतीने खचलेला असतो. घर गेले म्हणजे घरातले सारेच गेले, असे मानून तो मुलाबाळांना घेऊन अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस संतापलेला असतो. जे आपले राहिले नाही ते दुसऱ्याच्याही कामी येऊ नये, या भावनेने तो रातोरात दारे उचकटतो, खिडक्यांचे गज कापतो, नळ आणि वायरी उपसून भंगारवाल्याच्या गाडीवर चढवतो. पहिला माणूस कायद्याने त्याचेच असलेले सोडून देतो. दुसरा, तारणात अडकलेले उचलून नेतो. दोघांच्याही वाट्याला नुकसानच येते, आणि त्याचे कारण एकच असते : घर कोठे संपते आणि संसार कोठे सुरू होतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

हे सांगण्याचे काम वकिलाचे आहे, असे म्हणून कार्यकर्त्याला मोकळे होता येणार नाही. ताब्याच्या आदल्या रात्री अशा कुटुंबाला वकील भेटत नाही. वस्तीतला कार्यकर्ता भेटतो. त्या वेळी त्याच्यापाशी केवळ घोषणा असून भागत नाही. कोणती वस्तू उचलावी आणि कोणत्या वस्तूला हात लावू नये, हे त्याला ठामपणे सांगता आले पाहिजे.

उखळ आणि मुसळ

स्थावर कशाला म्हणावे आणि जंगम कशाला, याचा निर्णय या देशात आजही मुख्यतः १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने होतो. जमिनीत रुजलेले ते जमिनीचे, जसे झाड. जमिनीत रोवलेले तेही जमिनीचे, जशी भिंत. आणि अशा रोवलेल्या वस्तूचा कायम उपभोग घेता यावा म्हणून तिला जे जोडले असेल तेही जमिनीचेच. या तिसऱ्या प्रकाराविषयीच बहुतेक वाद उद्भवतात. याच कायद्याचे आठवे कलम आणखी स्पष्ट आहे. घराचे हस्तांतरण झाले की त्याबरोबर कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या आणि घराच्या कायम वापरासाठी बसवलेल्या इतर सर्व वस्तू जातात, असे ते सांगते. कराराने वेगळे ठरले असेल तर गोष्ट निराळी.

जुन्या घरातील एका उदाहरणाने हे चटकन ध्यानात येईल. स्वयंपाकघराच्या जमिनीत उखळ पुरलेले असते, आणि मुसळ कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे असते. कांडताना दोन्ही लागतात. एकावाचून दुसऱ्याला अर्थ नाही. तरीही कायद्याच्या दृष्टीने उखळ घराचे आणि मुसळ संसाराचे. ताब्याच्या दिवशी मुसळ उचलून नेता येईल. उखळ खणून काढता येणार नाही.

जोडणी ढिली आहे की घट्ट, एवढ्यावरच मात्र निर्णय होत नाही. वस्तू कोणत्या हेतूने जोडली, हे त्याहून महत्त्वाचे असते. इंग्लंडमधील १८७२ चा हॉलंड विरुद्ध हॉजसन हा खटला यासाठी आजही आधाराला घेतला जातो. एका कापडगिरणीच्या मालकाने गिरणी गहाण टाकली होती. माग जमिनीला केवळ खिळ्यांनी जखडलेले होते आणि फारशी मोडतोड न करता ते सोडवता येत होते. तरीही ते गिरणीचाच भाग ठरले आणि गहाण घेणाऱ्याकडे गेले, कारण ती इमारत गिरणी म्हणून चालावी यासाठीच ते तेथे बसवलेले होते. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी त्या निकालात दगडांचा दाखला दिला आहे. गिलाव्यावाचून एकावर एक रचलेल्या दगडांची कुंपणभिंत झाली की ते दगड जमिनीचा भाग होतात. तेच दगड बांधकामवाल्याच्या आवारात सोयीसाठी रचून ठेवले असले तर ते जंगमच राहतात. दगड तेच, रचनाही तीच, फरक हेतूचा.

हा जुना परदेशी खटला महाराष्ट्राला दूरचा वाटण्याचे कारण नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथे कित्येक घरांत पुढच्या खोलीत यंत्रमाग चालतात आणि मागच्या खोलीत संसार चालतो. तेथे माग घराचा की विणकराचा, हा प्रश्न पुस्तकी नाही. भाड्याच्या जागेत बसवलेला माग आणि स्वतःच्या मालकीच्या, गहाण टाकलेल्या शेडमध्ये पाया घालून बसवलेला माग, यांना कायदा एकाच मापाने मोजेलच असे नाही. त्यातच माग स्वतंत्र कर्ज काढून घेतलेला असेल तर त्यावर बहुधा नजरगहाण असते. मग तो जंगम ठरला तरी परवानगीवाचून हलवता येत नाही.

काय न्यावे, काय ठेवावे

एवढ्या विवेचनावरून रोजच्या वस्तूंची विभागणी करता येते. कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, धान्य, लोखंडी कपाट, पलंग, दूरदर्शन संच, शीतकपाट, शिलाईयंत्र, गॅसची शेगडी, मुलांची पुस्तके, खिळ्यावर टांगलेली मांडणी हा सारा संसार आहे. त्यावर वेगळे कर्ज नसेल तर घराच्या तारणाशी त्याचा काहीही संबंध नाही. लाकडी देव्हारा आणि त्यातले देव न्यावेत. भिंतीत बांधलेला कोनाडा राहील. कुंडीतली तुळस न्यावी. अंगणात बांधलेले वृंदावन राहील. कागदपत्रे तर सर्वांत आधी न्यावीत. शिधापत्रिका, जन्माचे दाखले, शाळेचे दाखले, कर्जाच्या पावत्या आणि औषधोपचाराची कागदपत्रे सीलबंद घरात अडकली म्हणजे कुटुंबाला जो त्रास होतो, त्याची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही.

दारे, खिडक्या, गज, चौकटी, फरशी, स्वयंपाकाचा ओटा, नळजोडणी, भिंतीतील वायरी, संडास-मोरीतील बसवलेली भांडी, बोअरचा पंप, भिंतीत बसवलेली कपाटे आणि अंगणातील झाडे यांना हात लावू नये. विजेचा मीटर बहुधा वीज कंपनीचाच असतो. पंखे, वातानुकूलन यंत्र, पाण्याची सुटी टाकी, सौर बंब यांविषयी मतभेद संभवतात. गहाणखतात त्यांचा उल्लेख आहे काय, हे आधी पाहावे. नसेल, तर त्यांची यादी करून बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी कळवावे आणि नंतरच ती काढावीत.

कर्ज घेतल्यावर पदरच्या पैशाने घरात जी भर घातली, तीही सोडवून नेता येत नाही, हे अनेकांना खटकते. परंतु गहाण मालमत्तेत पुढे जी भर पडते तिलाही तारण लागू होते, असे १८८२ च्या कायद्याचे सत्तरावे कलम म्हणते. करारात वेगळे ठरले असेल तरच अपवाद. येथे एक विसंगती नजरेत भरते. भाडेकरूने जागेला जोडलेल्या वस्तू त्याला जागा सोडण्यापूर्वी काढून नेता येतात. जागा मूळ स्थितीत परत केली म्हणजे झाले. गहाण टाकणारा मालक कागदोपत्री मालक असूनही त्याला ही मुभा नाही. स्वतःच्या हाताने बसवलेल्या फरशीविषयी त्याचा हक्क भाडेकरूपेक्षाही लंगडा ठरतो.

ताब्याचा मार्ग

बँकांची बहुतेक कारवाई २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये दिला. तो खटला मुरगूडच्या एका सहकारी बँकेचाच होता. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, कर्जवसुलीसाठी बँकेला आधी दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मिळवावा लागत नाही. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला आणि खाते अनुत्पादक ठरले की बँक साठ दिवसांची मागणी नोटीस देते. या नोटिशीला कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर दिले पाहिजे. मुदत उलटल्यावर ताब्याची कारवाई सुरू होते. दारावर नोटीस लागते आणि दोन वृत्तपत्रांत ती छापली जाते. त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते. मराठी दैनिकांच्या शेवटच्या पानांवर ‘ताबा सूचना’ या मथळ्याखाली ज्या चौकटी दिसतात त्या याच.

ही छापील सूचना म्हणजे पुष्कळदा केवळ प्रतीकात्मक ताबा असतो. कुटुंब घरातच राहत असते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सामान्यतः दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते आणि त्यांच्या आदेशाने पोलीस बंदोबस्तात कुलूप लागते. या दोन टप्प्यांमध्ये जो अवधी मिळतो तो संसार हलवण्याचा खरा अवधी होय. पहिल्या नोटिशीनंतर तारणाची मालमत्ता बँकेच्या लेखी संमतीवाचून विकता किंवा भाड्याने देता येत नाही. परंतु ही बंदी तारणाच्या मालमत्तेपुरती आहे, चूल आणि अंथरुणापुरती नाही. ताब्याच्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागू नाही. मुद्दल आणि व्याज मिळून वीस टक्क्यांहून कमी रक्कम उरली असेल, तेव्हाही तो लागू होत नाही.

पतसंस्थेच्या कर्जाची गोष्ट मात्र वेगळी. तेथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवला जातो, आणि त्या दाखल्यावर वसुली अधिकारी घरातील जंगम वस्तूंवरही जप्ती आणू शकतो. म्हणून कोणताही सल्ला देण्यापूर्वी दारावरचा कागद कोणत्या कायद्याखालचा आहे, हे वाचणे अगत्याचे आहे.

दार उचकटण्याची किंमत

संतापून घर ओरबाडणाऱ्या माणसाचा राग समजण्यासारखा आहे. ज्या भिंतींना त्याने आयुष्याची कमाई लावली, त्या दुसऱ्याच्या होताना पाहणे सोपे नाही. परंतु हा राग शेवटी त्याच्याच मुळावर येतो. लिलावाचे पैसे आधी खर्चात, मग कर्जात वळते होतात आणि काही उरले तर ते कर्जदाराला परत करावे लागतात. पैसे कमी पडले तर उरलेल्या रकमेसाठी बँक पुन्हा त्याच्यावरच दावा लावू शकते. दारे-खिडक्या नसलेल्या घराला लिलावात पडती बोली येते. म्हणजे भंगारात विकलेल्या चौकटीचे पैसे हाती पडतात थोडे, आणि कर्जाच्या बाकीत त्यांची भर पडते मोठी. शिवाय फौजदारी तक्रारीला आयते निमित्त मिळते. कायदा येथे एक भेद करतो : घराची डागडुजी केली नाही, एवढ्यावरून गहाण टाकणारा दोषी ठरत नाही, मात्र तारण अपुरे पडेल अशी नासधूस त्याला करता येत नाही.

अमेरिकेत २००७-०८ च्या गृहकर्ज संकटात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसून आली. घर सोडणाऱ्या कुटुंबांनी, आणि ओस पडलेल्या घरांत शिरलेल्या चोरांनी, तांब्याचे नळ आणि स्वयंपाकघरातील बसवलेले सामान उपसून नेले. अखेरीस अनेक ठिकाणी बँकांनीच तोडगा काढला : घर झाडून-पुसून धड अवस्थेत परत करा, किल्ल्या हवाली करा आणि घर हलवण्यासाठी रोख रक्कम घ्या. यातून घेण्याजोगा धडा असा की, धड घराला बँकेच्या हिशेबातही किंमत असते. ती किंमत हाताशी धरून मुदत आणि हलवण्याचा खर्च मागता येतो. फोडलेल्या घराच्या जोरावर काहीच मागता येत नाही.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी मनाशी प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. सहकारी बँकेत आणि पतसंस्थेत ज्यांच्या ठेवी असतात त्यांत निवृत्त शिक्षक असतात, गिरणीतून बाहेर पडलेले कामगार असतात, भाजी विकणाऱ्या बाया असतात. घराची नासधूस झाली तर तिचा भार काही अंशी त्यांच्याही माथी येतो. गरिबाच्या बाजूने उभे राहणे म्हणजे एका गरिबाचे नुकसान दुसऱ्या गरिबाकडून भरून घेणे नव्हे.

१८७५ ते आजवर

येथवर कायदा काय आहे ते पाहिले. तो न्याय्य आहे काय, हा प्रश्न निराळा आहे आणि तो या भूमीत नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने घेरली आणि कर्जरोखे जाळले. तो उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरला. त्या शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता, कारण त्या कागदांच्या आणि न्यायालयीन हुकूमनाम्यांच्या बळावरच त्यांचे घरदार जात होते. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे थांबवले आणि रोख्यावर लिहिलेल्या आकड्यामागे जाऊन खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला.

कर्जदाराकडून सारे काही काढून घेता येणार नाही, हे तत्त्व १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात यादीच्या रूपाने आजही उभे आहे. कर्जदार, त्याची पत्नी आणि मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची औते, आवश्यक ती गुरे आणि बियाणे, शेतकरी, मजूर आणि घरगुती नोकर यांचे राहते घर : यांवर जप्ती आणता येत नाही. रुक्ष कायद्याच्या पुस्तकातील हा परिच्छेद माणसाच्या किमान प्रतिष्ठेची नोंद आहे. कर्ज कितीही असो, उद्याची भाकरी ज्यावर शिजते आणि ज्यामुळे मिळते ते उचलून न्यायचे नाही, असे तो म्हणतो.

पण या यादीला एक मोठे भगदाड आहे. मजुराच्या राहत्या घराला मिळणारे संरक्षण हातउसन्या कर्जाच्या जप्तीपासून आहे. ते घर त्याने स्वतः गहाण टाकले की संरक्षण संपते. सरफेसी कायद्यानेही जप्तीपासून मुक्त असलेली मालमत्ता वगळली आहे, परंतु कर्जासाठी खास तारण दिलेली मालमत्ता त्या वगळण्यातून पुन्हा बाहेर काढली आहे. म्हणजे १८७५ च्या शेतकऱ्यांच्या उद्रेकानंतर कर्जदाराला जे थोडेफार कवच मिळत गेले, त्यातले घराचे कवच एका सहीने गळून पडते. ही सही राजीखुशीची मानली जाते. मुलीच्या आजारपणासाठी किंवा बंद पडलेला माग सुरू करण्यासाठी कर्ज घेणाऱ्या माणसाला सही न करण्याचे स्वातंत्र्य कितपत असते, हे कायदा विचारत नाही.

म्हणून काही मागण्या पुढे आल्या पाहिजेत. गहाणखतासोबत, घराबरोबर कोणत्या वस्तू तारणात जातात याची मराठीतील यादी कर्जदाराला दिली जावी. प्रत्यक्ष ताब्याची तारीख पुरेशी आधी लेखी कळवणे आणि सामान हलवण्यास मुदत देणे बंधनकारक व्हावे. ज्यावर कुटुंबाची रोजीरोटी चालते अशी किमान अवजारे, ती इमारतीला जोडलेली असली तरी, काढून नेण्याची मुभा मिळावी. भाडेकरूला जे मिळते ते विणकराला का मिळू नये, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही.

ताब्याच्या दिवशी

कायदा बदलेल तेव्हा बदलेल; दारावरची नोटीस तोवर थांबत नाही. कार्यकर्त्याचे काम त्याआधीच सुरू व्हायला हवे. गहाणखत आणि नोटीस वाचून घ्यावी. प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत. वस्तूंची यादी करून तिच्या दोन प्रती ठेवाव्यात. घरातील स्त्रीचे स्त्रीधन वेगळे नोंदवावे, कारण ते तिचे स्वतःचे आहे, नवऱ्याचे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ते निःसंदिग्धपणे सांगितले आहे. सामान दिवसाढवळ्या, शेजाऱ्यांसमक्ष हलवावे. रात्री हलवलेली आपली वस्तूही चोरीची वाटते.

ताबा घेणारे लोक आल्यावर त्यांचा आदेश आणि ओळखपत्र पाहावे. पंचनाम्याचा आग्रह धरावा. त्यात घरात राहिलेल्या प्रत्येक जंगम वस्तूची नोंद करून घ्यावी आणि नोंद अपुरी असेल तर सही करताना तसे लिहावे. आत राहिलेल्या सामानावर तारण नसेल तर कुलूप बँकेचे असले तरी सामान कर्जदाराचेच राहते. ते परत मिळावे म्हणून त्याच दिवशी लेखी मागणी द्यावी. सील मात्र कोणत्याही कारणाने तोडू नये. ताब्यातील घराची समंजस मालकाप्रमाणे काळजी घेणे हे बँकेवरही बंधनकारक आहे, याची आठवणही त्याच पत्रात करून द्यावी.

एवढे केल्याने घर वाचेलच असे नाही. पण कुटुंब बाहेर पडेल ते भांडीकुंडी, अवजारे, दाखले आणि मुलांची पुस्तके बरोबर घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी कोठेतरी त्यांची चूल पेटेल आणि मूल शाळेत जाईल. उखळ मागे राहिले तरी मुसळ हाती असले, तर माणसाला पुन्हा उभे राहता येते.